जाळीचा हेडफोन

दोष शांतवनसरांचा होता, आणि एलिया तेच त्यांना तोंडावर विचारत होता.

“जाळीवालाच घे, असं कोण म्हणालं होतं?”

“मी.”

“बंद कपांचा नको, असं कोण म्हणालं होतं?”

“मीच. बस तरी आधी.”

एलिया बसला नाही.

शांतवनसर म्हणजे जालन्यातले जुने रेकॉर्डिस्ट. अर्ध्या मराठवाड्याच्या भजनांच्या अन् उपासनागीतांच्या कॅसेटी त्यांच्या हातून गेलेल्या. काचेच्या आड बसून ते बोट वर करायचे, मग पलीकडचा माणूस गायला लागायचा. पुढे गुडघे गेले, स्टुडिओ गेला. सल्ला द्यायची खोड तेवढी राहिली. पोरं येऊन पायाशी बसत, सर बोलत.

वडीलधाऱ्यांना काहीही विचारा, ते स्वतःला येत असलेल्या प्रश्नाचंच उत्तर देतात.

एलियाने सरळ विचारलं होतं. घरच्या खोलीत रेकॉर्डही करायचंय, मिक्सही करायचंय, ऐपत एकाच स्वस्तातल्या हेडफोनची आहे, कुठला घेऊ? सरांनी त्यातलं ‘रेकॉर्ड’ ऐकलंच नाही. मिक्सिंगवर, म्हणजे रेकॉर्ड झालेले आवाज ऐकून जुळवण्यावर, तासभर बोलले. बंद कपात खर्ज फुगतो, कान तापतात. पाठीला जाळी असली की गाणं मोकळं, आहे तसं ऐकू येतं.

सगळं बरोबर होतं. म्हणूनच पोरगा फसला.

त्या हेडफोनवर रूथमावशी गायली. एलियाला लहानाचं मोठं केलेली मावशी, चर्चमध्ये तीस वर्षं गाणारी, पण एकदाही रेकॉर्ड न झालेली. तिच्या घशात गाठ निघाली होती. सोमवारी ऑपरेशन, त्यानंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलेलं. रविवारी उपासना उरकून ती माइकसमोर बसली. ताल धरायला कानात टिकटिक लावली होती.

“मोठी कर रे बाबा,” ती म्हणाली. “ऐकू येईना. ताल चुकला तर वर गेल्यावर देवदूत हसतील मला.”

त्याने मोठी केली. हेडफोन एकच, तो तिच्या डोक्यावर. एलिया नुसता स्क्रीनवरची रेषा हलताना बघत राहिला.

टिकटिक जाळीतून बाहेर पडली आणि माइकात शिरली. ऑपरेशननंतर तो मिक्स करायला बसला, तेव्हा ती त्याला ऐकू आली. अगदी मोकळी, आहे तशी.

“पुसता येत नाही?” सरांनी विचारलं.

“पुसतो तिथे तिचा श्वास पण पुसला जातो. आठवडाभर तेच केलं.”

“मग पुन्हा एकदा तिला…”

“बोला ना, सर. पुन्हा एकदा तिला काय?”

सरांनी हात पुढे केला. “दे इकडे. माइक आणलायस?”

“पिशवीत आहे.”

“लाव. आणि टिकटिक सुरू कर. तिला होती तेवढीच मोठी.”

सरांनी हेडफोन डोक्यावर चढवला. माइकसमोर सरकले आणि गायला लागले. आवाज फाटका, सूर इकडेतिकडे. दोन ओळींनंतर थांबले. हेडफोन काढून त्यांनी हात लांब केला.

खोलीभर टिकटिक.

“हा घालून कधी गायला होतात, सर?”

“नाही.”

“गाणाऱ्याला कधी विचारलं होतं, तुला काय ऐकू येतंय म्हणून?”

“दोन गाण्यांच्या मध्ये मी त्यांच्या माइकचा आवाज बंद करायचो. फार बडबड करायचे.”

“काय म्हणायचे?”

“…माहीत नाही.”

एलियाला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलतील. म्हातारे अशा वेळी बोलतातच. तो वाट बघत राहिला. सरांनी मान वर केली नाही.

शेवटी त्याचाच राग पातळ झाला. तो खाली बसला.

“मावशीने आज पाटीवर लिहिलं,” तो म्हणाला. “‘ऐकव ना.’ काल पण तेच लिहिलं होतं. काय सांगू तिला?”

टिकटिक चालूच होती. सरांनी वाकून ती बंद केली. भिंतीचा आधार घेत उठले आणि चपला शोधायला लागले.

“चल. मी सांगतो.”

“काय सांगाल?”

“की रूथ, माझ्यामुळे तुझा स्वच्छ आवाज आता कुठेच उरला नाही.”