हत्तीच्या पापण्या

फार फार वर्षांपूर्वी एका जांभळाखाली रानातल्या पिल्लांची शाळा भरायची. शिकवायला होत्या साळुंकीबाई. एके दिवशी त्यांनी चित्रांचं कोरंकरकरीत पुस्तक आणलं. ते मळू नये म्हणून त्या फांदीवर बसल्या आणि तिथूनच पान उघडून म्हणाल्या, "हात नाही हं लावायचा. लांबूनच बघा."

"हत्ती! हत्ती!" सगळी पिल्लं ओरडली. चिचुंद्रीचं पिल्लू मात्र मान खाली घालून बसलं.

"बाई, मला लांबचं दिसत नाही," ते हळूच म्हणालं.

बाईंनी त्याच्या चिखलाने माखलेल्या पायांकडे पाहिलं, मग त्या पांढऱ्याशुभ्र पानाकडे. त्यांचा जीव खालीवर झाला. पण त्या खाली उतरल्या आणि त्यांनी पुस्तक त्याच्यापुढे ठेवलं. "ये बाळा, अगदी जवळ ये."

पिल्लाने पानावर पाय टेकवून चित्राला नाक लावलं. हत्तीच्या सोंडेवर चिखलाचा ठसा उमटला.

"अय्या, बाई! हत्तीला पापण्या आहेत!"

"कुठे? कुठे?" करत सगळी पिल्लं पुस्तकावर वाकली. बाईंनी ते चित्र सकाळपासून दहादा पाहिलं होतं.

"सरका रे जरा," त्या म्हणाल्या, "मलाही बघू द्या."