शंभर किलो शिंपले, बेचाळीस किलो चुना

एकदा एक व्यापारी सकाळी बरोबर आठ वाजून दहा मिनिटांनी खाडीकाठच्या चुनाभट्टीवर आला आणि आल्याआल्या ओरडायला लागला.

"शंभर किलो शिंपले दिले होते मी! चुना बेचाळीसच किलो? बाकीचे अठ्ठावन्न गेले कुठं? या पोरीनंच विकले!"

भट्टी एका वृद्ध गुरुजींची. पोरगी म्हणजे त्यांची शिष्या. आदली भट्टी तिनं एकटीनं लावली होती. एकदा चोर म्हटलं की गावात तिला काम कोण देणार?

गुरुजी मात्र हसले. "शेठ, आज दहा किलो शिंपले तुम्हीच भाजा. ती हातसुद्धा लावणार नाही. चुना निघेल चार किलो दोनशे ग्रॅमच्या आसपास."

व्यापारी हट्टानं बसला. डबाही तिथंच मागवला. धुरानं डोळे लाल, पण जागचा हलला नाही. दुसऱ्या दिवशी भट्टी निवल्यावर त्यानं स्वतः वजन केलं. चार किलो एकशे ऐंशी!

"वीस ग्रॅम कमी आहे," तो पुटपुटला.

"तेवढं तुमच्या धोतरावर आहे, झटका," गुरुजी म्हणाले. "आणि सांगा शेठ, आता चोर कोण?"

शिष्येला हसू आवरेना. व्यापारीही ओशाळून हसला.

मग गुरुजी शांतपणे म्हणाले, "शिंपला तापला की त्यातून वायू निघून जातो. शंभर किलोंतले चव्वेचाळीस किलो असे जाणारच, भट्टी कुणीही लावो. उरतात छप्पन्न. पूर्ण चुना तो एवढाच. आमची भट्टी पूर्णाच्या पंचाहत्तर टक्के देते. छप्पन्नाचे पंचाहत्तर टक्के बेचाळीस. तुमच्या दहा किलोंचा पूर्ण चुना पाच किलो सहाशे, त्याचे पंचाहत्तर टक्के चार किलो दोनशे. तुम्ही बेचाळीस शंभराशी ताडून पाहिले, म्हणून पोर चोर दिसली. छप्पन्नाशी ताडायचे होते."

"चुकलं पोरी माझं," व्यापारी म्हणाला.

शिष्येचा जीव भांड्यात पडला. पण ती विचारात पडली. "गुरुजी, छप्पन्नातले चौदा कमी आले, ते तर आपलेच ना?"

"आपलेच. मोठे शिंपले आत कच्चे राहतात, थोडा चुना राखेत जातो."

तिनं हातोडी घेतली आणि मोठे शिंपले फोडायला बसली.

कमी आलं म्हणून कुणावर आळ घेण्याआधी, मुळात किती येणार होतं ते विचारावं. बायांनो, एवढं आपल्या शेजारणीलाही सांगा.