हरलेल्यांचं मत

पुष्कळ वर्षांपूर्वी घडलेली ही गोष्ट आहे. नेमकी किती, ते मला विचारू नका, कारण ज्यांनी मला सांगितली त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. एका राज्यात नदीकाठी एक पेठेचं गाव होतं. बाकी सगळ्या गावांना राजा न्यायाधीश नेमून देई. या एकाच गावाला आपला न्यायाधीश आपण निवडायचा मान होता, आणि त्या मानाचा गावाला भारी तोरा होता.

त्या गावात एक वकील राहत होता. दोर वळणाऱ्याचा मुलगा. लहानपणी त्यानं बापाबरोबर काथ्या भिजवला आणि मोठेपणी तो शब्द वळायला शिकला. चावडीत तो बोलायला उभा राहिला की बाजारातली गिऱ्हाइकं सौदा अर्धा टाकून ऐकायला येत.

माणूस वाईट होता का? मुळीच नाही. नाडलेल्याकडून त्यानं कधी मेहनताना घेतला नाही, खोटा साक्षीदार कधी उभा केला नाही. फक्त त्याला लोकांचं हसू फार आवडायचं. चावडीत कुणी खुदकन हसलं की याला जोर चढायचा. हा रोग आपल्यापैकी किती जणांना आहे, ते ज्याचं त्यानं मनात म्हणावं.

एके दिवशी गावचे न्यायाधीश वारले. फार वर्षं ते त्या गादीवर होते. वकील घरी आला आणि बायकोला म्हणाला, "मी उभा राहणार."

"कशाला? चाललंय ते वाईट आहे का?"

"वाईट नाही गं. पण आजवर मी कायम एकाच बाजूचं बोललो. ज्यानं आधी येऊन हात जोडले, त्याची बाजू ती माझी बाजू. मरण्याआधी एकदा तरी दोन्ही बाजू ऐकून जे खरं ते सांगावं, असं वाटतं."

बायकोनं मान डोलावली. नवऱ्याच्या मनातलं खरं कोणतं आणि चावडीतलं कोणतं, हे तिला बरोबर कळायचं.

दुसऱ्याच दिवशी वकिलानं आपल्या सगळ्या पक्षकारांना जेवायला बोलावलं. ज्यांचे दावे त्यानं जिंकून दिले होते, ते झाडून सगळे आले. लाडवांवर लाडू झाले. "तुम्हीच होणार न्यायाधीश!" असं म्हणत मंडळी ढेकर देत घरी गेली.

गावाच्या चालीरीती सांभाळायचं काम एका वयोवृद्ध आजीकडे होतं. वकील तिच्याकडे नाव द्यायला गेला.

"आजी, काळजी नको. सगळे माझ्याच बाजूचे आहेत."

"सगळे म्हणजे कोण रे?"

"माझे पक्षकार. ज्यांचे दावे मी जिंकून दिले ते."

आजी तोंडाला पदर लावून हसायला लागली. "अरे बाबा, त्यांना मत कुठं असतं? वकील न्यायाधीश व्हायला उभा राहिला की मत कुणाचं घ्यायचं, ठाऊक नाही तुला? ज्यांना त्यानं हरवलं, त्यांचं!"

वकिलाचा चेहरा पडला. मागची निवड झाली तेव्हा तो पाळण्यात होता. त्याला कसं ठाऊक असणार?

"जिंकलेल्याला आपला वकील देवासारखाच वाटतो," आजी म्हणाली. "त्याला काय विचारायचं? वकील माणूस म्हणून कसा आहे, हे हरलेल्याला पक्कं कळतं. त्यातला एकेक जण येऊन आपल्या तोंडानं सांगेल, हो की नाही. एक जण जरी आला नाही, तरी निवड मोडली. मग राजधानीतून कुणी परका येऊन बसेल. आणि एक ध्यानात ठेव. त्या दिवशी तू तोंडातून शब्द काढायचा नाहीस. काढलास, तर तुझी उमेदवारी संपली."

घरी आल्यावर बायकोनं हे सगळं ऐकलं. आधी तिला गेलेल्या लाडवांचं वाईट वाटलं. मग ती म्हणाली, "तुम्ही आणि दिवसभर गप्प? बघू या बाई, हेही बघू या!"

वकील आता हरलेल्यांच्या घरी जायला निघाला. पाय जड झाले होते. पण गंमत अशी, की बऱ्याच घरांत त्याला पाणी मिळालं, गूळ मिळाला. एक गवळी म्हणाला, "हरलो खरा. पण तुम्ही मला चोर नाही म्हणालात. येईन मी." एका बाईनं सांगितलं, "तुम्ही जिंकलात म्हणून भावाशी माझं भांडण तरी मिटलं." काही घरांतून शिव्याही मिळाल्या. तरी येतो म्हणाले सगळेच.

शेवटचं घर तांबटाचं होतं. त्या आळीत शिरताना वकिलाची पावलं आपोआप हळू झाली.

झालं होतं असं. या तांबटानं एका व्यापाऱ्याला लग्नासाठी मोठा हंडा करून दिला होता. भर लग्नात हंडा गळायला लागला. व्यापारी चावडीत गेला आणि त्यानं याच वकिलाला उभं केलं. तांबट बोलताना अडखळायचा. जन्मापासूनचंच होतं ते. तो उभा राहिला आणि म्हणाला, "हं... हंडा... मी..."

"हं-हं-हंडा!" वकिलानं त्याची हुबेहूब नक्कल केली. "अहो, तुमचा हंडासुद्धा तुमच्यासारखाच थांबून थांबून गळतो वाटतं?"

सगळी चावडी हसली. न्यायाधीशही डोळे पुसत हसले. तांबटानं मान खाली घातली आणि तो खाली बसला. निकालात आलं, की माल खोटा होता, आणि चूक कबूल करण्याचा प्रामाणिकपणाही या माणसाकडे नाही.

त्यानंतर तांबट घराबाहेर बोललाच नाही. भांडी विकायला बायको बाजारात बसू लागली. मुलीच्या लग्नात संकल्प म्हणायची वेळ आली, तेव्हा सगळ्यांसमोर बोलावं लागेल म्हणून यानं धाकट्या भावाला पाटावर बसवलं. आपल्या मुलीचं कन्यादान त्यानं खांबाआडून पाहिलं.

हे सगळं वकिलाच्या कानावर आलेलं होतं. ते कानावरच राहिलं होतं.

तांबट अंगणात परात ठोकत बसला होता. वकिलानं हात जोडले आणि बोलायला सुरुवात केली. काय सुंदर बोलला! पश्चात्ताप म्हणजे काय, माणूस चुकतो कसा, क्षमा करणारा मोठा का असतो. ऐकणाऱ्याचे डोळे भरून यावेत असं. तांबटानं हातोडी थांबवली नाही.

वकिलाचं संपलं तेव्हा तांबटीण म्हणाली, "वकीलदादा, एवढं बोललात. त्यात यांना एक शब्द बोलायला कुठं जागा ठेवलीत का?"

वकील उभ्या उभ्या लाजला. मुकाट्यानं घरी गेला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. या वेळी त्यानं नुसता नमस्कार केला आणि अंगणातल्या दगडावर बसून राहिला. ऊन सरकलं. परात होऊन बाजूला पडली, दुसरी सुरू झाली. वकिलाच्या तोंडात शब्द वळवळत होते, ते त्यानं गिळले. असलं कठीण काम त्यानं उभ्या जन्मात केलं नव्हतं. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा तांबटानं हातोडी खाली ठेवली.

"ये... येईन," तो म्हणाला. "प... पण हो म्हणेन, असं नाही."

"बरं," वकील म्हणाला, आणि उठला.

निवडीचा दिवस आला. चावडीपुढच्या अंगणात सगळं गाव जमलं. वकील एका पाटावर ओठ मिटून बसला होता. त्याला असं बसलेलं पाहूनच अर्ध्या गावाची करमणूक झाली. आजीनं एकेकाला पुढं बोलावलं. गवळी "हो" म्हणाला. भावाशी भांडण मिटलेली बाई "हो" म्हणाली. एक म्हातारा "नाही, नाही आणि नाही!" म्हणाला, तेव्हा आजीनं त्याला बजावलं, की त्याचं "नाही" एकदाच मोजलं जाईल. असं करता करता दुपार झाली. हो आणि नाही अगदी बरोबरीला आले, आणि एकटा तांबट राहिला.

तो पुढं आला. सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं.

"त्या... त्या दिवशी... मी... क... क..."

शब्द अडकला. मागं कुणीतरी फिसकन हसलं. लोक चुळबुळ करू लागले.

"कशाला छळता त्याला? हो म्हणतोय तो!" एक जण म्हणाला.

"छे! नाही म्हणतोय. तोंड बघा ना त्याचं," दुसरा म्हणाला.

आजीला दया आली. ती मायेनंच म्हणाली, "बाळा, ऊन चढलंय. तुला त्रास होतोय. बोलू नकोस. नुसती मान हलव, मी समजून घेईन."

तांबटाचे ओठ मिटले. त्याची मान हळूहळू खाली जायला लागली. अगदी त्या दिवशी चावडीत गेली होती तशी.

वकिलानं ते पाहिलं. आणि मग त्याच्यानं राहवलं नाही.

"थांबा!" तो पाटावरून उठला. "त्यांना मान हलवायची नाही. त्यांना बोलायचंय. बोलू द्या."

वकिलाच्या बायकोनं कपाळावर हात मारला. उमेदवार बोलला होता! पण आजीनं हात वर केला. "ते मागून बघू. आधी याचं होऊ दे."

कुणी हललं नाही. कुणी शब्द पुरवला नाही. तांबटानं श्वास घेतला.

"त्या दिवशी... मी क... कबूलच करणार होतो. पत्रा पातळ होता. घाईत मी तो... वापरला. नवा हंडा क... करून देतो, एवढं सांगायला मी उभा राहिलो होतो. तुम्ही... सांगू दिलं नाहीत. मी हरलो, त्याचं दुःख नाही. लोक म्हणाले, याच्याकडे प... प्रामाणिकपणा नाही. आणि तोच सांगायला तर मी उठलो होतो."

त्याला वेळ लागला. पण ज्या गावाला एवढी घाई झाली होती, त्या गावात आता एक माणूस जागचा हलत नव्हता. मागं हसलेल्यानं डोळे पुसले. वकील तर मघापासून रडत होता, आणि ते त्यानं लपवलं नाही.

"मी... नाही म्हणायला आलो होतो," तांबट म्हणाला. "आता... हो म्हणतो."

एकच गलका उठला. एका मतानं वकील जिंकला होता! पण लगेच कुणीतरी ओरडलं, "तो बोललाय! नियम मोडलाय!" त्यावर दुसऱ्यानं उत्तर दिलं, "स्वतःसाठी कुठं बोलला? दुसऱ्यासाठी बोलला तो. आपलं तोंड बंद ठेवायचं, म्हणजे आपली तरफदारी करायची नाही, एवढाच नियमाचा अर्थ!" लोकांना हे फार पटलं. त्यांना हा न्यायाधीश हवाच होता, आणि परका नको होता.

आजी विचारात पडली. मग तिनं वकिलाकडे पाहिलं. "आता बोललाच आहेस, तर बोल. नियम, अर्थ, हे तुला आमच्याहून जास्त कळतं. तूच सांग, तुझं बोलणं नियमात बसतं का?"

वकिलाच्या मनात काय आलं असेल, याचा तुम्हीच विचार करा. हा मुद्दा तो झोपेतसुद्धा जिंकला असता. सगळं गाव त्याच्या तोंडाकडे डोळे लावून बसलं होतं. गादी चार पावलांवर होती.

त्यानं दोन्ही बाजू मनात पुन्हा ऐकल्या. मग सावकाश म्हणाला, "नाही बसत, आजी. शब्द काढायचा नाही, एवढंच आपण ठरवलं होतं. कुणासाठी, हे ठरवलं नव्हतं. मी बोललो. माझी उमेदवारी संपली."

हे सांगणं त्याला फार जड गेलं. कारण गादी त्याला मनापासून हवी होती.

बायको गर्दीतून पुढं आली. तिनं त्याच्या खांद्यावरचं उपरणं सारखं केलं आणि हळूच म्हणाली, "एकदा तरी न्याय करायचा होता ना तुम्हांला? झाला की. चला घरी, जेवायचं आहे."

राजधानीतून न्यायाधीश आले. परके होते, कडक होते, आणि त्यांना सारखी घाई असायची. पण चावडीत कुणी बोलताना अडकलं, घाबरलं, शब्द शोधत राहिलं, की वकील उठून उभा राहायचा. तो माणूस कुठल्याही बाजूचा असो. म्हणायचा, "महाराज, त्यांचं पुरं व्हायचं आहे." हळूहळू न्यायाधीशांनाही थांबायची सवय लागली. तांबट बाजारात बसू लागला. अडखळायचा तो पहिल्यासारखाच. पण त्याची भांडी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक त्याचा शब्द पुरा होईपर्यंत उभं राहायचं, आणि त्याच्या तोंडचा भाव ऐकल्यावर पुन्हा घासाघीस करायचं नाही.

यातून घ्यायचं ते एवढंच: न्यायाची गादी मिळणं आपल्या हातात नसतं, पण समोरच्याचं म्हणणं पुरं ऐकून घेणं रोज आपल्या हातात असतं.