मूळचा नसलेला गिअरबॉक्स

एका संस्थानी गावात गाड्यांच्या गाद्या शिवणारी एक बाई राहत होती. तिचं नाव हौसाक्का. टांग्यापासून ट्रकपर्यंत ज्या कुणाला बसायला गादी लागे, तो तिच्या दुकानी येई. काथ्या पिंजायचा, रेक्झिन ताणायचं, दाभणाने टाके घालायचे, यात तिची वीस वर्षं गेली होती.

वडिलांच्या शेताची पट्टी रस्त्यात गेली आणि भरपाईचे पैसे हौसाक्काला आणि तिचा धाकटा भाऊ गजाबा याला निम्मे निम्मे मिळाले. गजाबाने गावाबाहेरच्या माळावर दोन प्लॉट घेतले. त्याच आठवड्यात राजवाड्याच्या गाडीखान्यातल्या सामानाचा लिलाव झाला. हौसाक्काने आपल्या वाट्याचे सगळे पैसे देऊन तिथली एक मोटार उचलली. महाराजांच्या वेळची, लांब नाकाची गाडी. टायर कुजलेले, गाद्यांत उंदरांची बिळं. दोन बैलजोड्या लावून ती दुकानापर्यंत ओढत आणावी लागली.

गाव जमलं. कुणी म्हणालं, कोंबड्या ठेवायला बरी आहे.

गजाबाला मात्र मनापासून वाईट वाटलं. "अक्का, जमीन नुसती पडून राहिली तरी तिचा भाव चढतो," तो म्हणाला. "लोखंड पडून राहिलं की गंजतं."

"म्हणून तर मी तिला पडू देणार नाही," हौसाक्का म्हणाली.

दिवसा ती लोकांच्या गाद्या शिवायची आणि संध्याकाळी मोटारीला हात लावायची. इंजिनाचं काम गल्लीतल्या मिस्त्रीच्या शेजारी बसून शिकली. गंज खरवडला, पत्रा ठोकून सरळ केला, गाद्या तर तिच्याच हातच्या. एक गिअरबॉक्स तेवढा तडकला होता. तो काही केल्या सांधेना, तेव्हा भंगारबाजारात महिनाभर हिंडून तिने त्याच जातीच्या दुसऱ्या गाडीचा आणून बसवला. पाचव्या वर्षी मोटार सुरू झाली, तेव्हा हौसाक्का स्टिअरिंगमागे बसून बराच वेळ नुसता तिचा आवाज ऐकत राहिली.

तोवर गजाबाच्या प्लॉटांचा भाव तिप्पट झाला होता, आणि दुकानाच्या मालकाने हौसाक्काला दिवाळीपर्यंत जागा सोडायला सांगितलं होतं.

अशात गजाबाच्या प्लॉटांच्या दलालाबरोबर शहरातून एक शौकीन आला. जुन्या मोटारी घ्यायच्या, भाव चढला की विकायच्या, हा त्याचा उद्योग. गाडी बघून तो खूश झाला. मग खाली वाकून त्याने बॅटरीच्या उजेडात नंबर वाचले.

"इंजिनाचा नंबर एक आणि गिअरबॉक्सचा दुसराच," तो म्हणाला.

"मूळचा तडकला होता. हा दुसऱ्या गाडीचा आहे."

"दोन्ही नंबर जुळले तरच गाडी अस्सल ठरते आणि भाव येतो. मग हा नंबर घासून टाका आणि तिथे इंजिनाचा नंबर ठोका. हत्यारं मी पाठवतो. तुमच्या भावाच्या दोन्ही प्लॉटांचे होतील त्याच्या दुप्पट पैसे देतो."

"आणि नाही ठोकला तर?"

"तर मला ही गाडी नको."

गजाबाने तिला बाजूला घेतलं. "अक्का, गाडीच्या पोटातला आकडा कोण बघतंय? दिवाळीनंतर कुठे बसणार आहेस?"

हौसाक्काला मोह झाला नाही असं नाही. एवढ्या पैशात स्वतःचं दुकान झालं असतं. पण हातोडीच्या चार ठोक्यांनी तिची पाच वर्षं खोटी ठरणार होती. बाकीचं सगळं अस्सल असूनही ते तिला ताठ मानेने सांगता आलं नसतं.

ती शौकिनाकडे वळली. "हा गिअरबॉक्स मी शोधून आणलाय, चोरून नाही. त्याचा नंबर आहे तोच राहील. या तुम्ही."

दिवाळीला तिने दुकान सोडलं आणि बाजाराच्या मैदानाकडेला ताडपत्री बांधून तिथे बसली. मोटार शेजारी उभी केली आणि तिच्यावर पांढऱ्या रंगाने लिहिलेली पाटी लावली. 'गिअरबॉक्स मूळचा नाही. टायर आणि गाद्या नव्या. बाकी सगळं मूळचं.'

प्लॉटांचा दलाल ती वाचून हसला. "आपल्या मालाचं उणं कुणी पाटीवर लिहितं का?"

"मी लिहिते," हौसाक्का म्हणाली, आणि अक्षरं पुसट वाटली म्हणून तिने त्यांवर रंगाचा आणखी एक हात दिला.

वर्ष गेलं. पाऊस ताडपत्रीतून गळला, गिऱ्हाइकं कमी झाली, पण पाटी हलली नाही.

इकडे त्या शौकिनाने दुसऱ्या गावातून तशीच मोटार घेतली होती, ठोकलेल्या नंबराची. शहरातल्या प्रदर्शनात एका म्हाताऱ्या परीक्षकाने तो नंबर ओळखला आणि गाडी बाहेर काढली. शौकीन चिडून म्हणाला, "सगळेच ठोकतात. त्या गावातली एक वेडी बाई सोडली तर कुणी नाही म्हणत नाही."

परीक्षक दुसऱ्याच दिवशी एसटीने त्या वेड्या बाईकडे आला.

त्याने पाटी वाचली आणि किंमत विचारली. हौसाक्काने शौकीन देत होता तेवढीच सांगितली. गजाबाने कपाळाला हात लावला.

"गिअरबॉक्स मूळचा नसताना?" परीक्षकाने विचारलं.

"पाटीवर नाही असा एक दोष काढून दाखवा आणि गाडी फुकट न्या," हौसाक्का म्हणाली.

म्हातारा दुपारभर गाडीखाली झोपून होता. बाहेर आला तेव्हा कपडे तेलाने माखले होते. "मला काही सापडलं नाही," तो म्हणाला, आणि तिने सांगितलेले पैसे दिले. पुढे त्याच्या सांगण्यावरून लोक आपल्या जुन्या गाड्या तिच्याकडे दुरुस्तीला पाठवू लागले.

आता तिला मोठी जागा हवी होती. ती गजाबाकडे प्लॉट मागायला गेली. दलालाने गजाबाला बजावून ठेवलं होतं की विकायचं ते उन्हाळ्यात विक आणि जास्त बोलू नकोस. गजाबाने प्लॉटांचे कागद काढून तिच्यापुढे ठेवले.

मग म्हणाला, "अक्का, पूर्वेच्या कोपऱ्यात पावसाळाभर पाणी साचतं. आजवर मी कुणाला सांगितलं नव्हतं."

"मग तिथे गाड्या धुवीन," हौसाक्का म्हणाली. "भाव बोल."

तात्पर्य इतकंच: पैसा मोटारीत घाला की जमिनीत घाला, आपल्या वस्तूचं उणं जो स्वतःच्या तोंडाने सांगतो, तोच तिची पुरी किंमत ताठ मानेने मागू शकतो.