वरची धार

गिऱ्हाइकाचीच बाटली पुन्हा भरून दिली, तर त्यात मागासलेपण कसलं? केरबानं हे तेलाच्या कंपनीच्या साहेबाला कितीदा विचारलं होतं. केरबाचा थोरला भाऊ दारोदार सुटं तेल विकायचा; साहेब त्याला मागासलेला म्हणून हसायचा आणि आपली तेलाची पाकिटं खपवायचा. भाऊ वारला आणि महिन्याभरातच साहेब गिऱ्हाइकांच्याच बाटल्यांत सुटं तेल भरायचं यंत्र घेऊन चौकात आला.

"ही आमची नवी पद्धत," रांगेतल्या केरबाला तो म्हणाला. " तुझ्या भावाच्या डब्यात असं काय होतं रे, जे यात नाही?"

केरबानं हातातला दादाचा डबा खाली ठेवून बाटली भरून घेतली. "माप चोख आहे, साहेब. पण माप झाल्यावर दादा लेकरांसाठी वर एक धार सोडायचा. तिचं बटण कुठलं?"

साहेब यंत्राची बटणं चाचपू लागला. बायका रांग मोडून केरबाभोवती आल्या.

दादाच्या डब्यात तळाशी उरलेलं तेल केरबानं प्रत्येकीच्या बाटलीत एकेक धार सोडून संपवलं.