पोटात पेंढा ठेवणारा माठ

शुद्धलेखनात चुका असतील, शब्दही साधेच आहेत. तेवढे सांभाळून घ्यावे.

फार पूर्वी तीन दिवसांच्या एका बाजारात शंभरेक माठ विकायला मांडले होते. त्यांतल्या एका लहान माठाने प्रवासासाठी पोटात भरलेला पेंढा काढूच दिला नव्हता. गिऱ्हाइकाच्या टिचकीने आपण तडकू, अशी त्याला भीती. पण पेंढ्यामुळे आवाज बद्द यायचा आणि बायका फुटका समजून पुढे जायच्या.

दुसऱ्या संध्याकाळी कुंभार म्हणाला, “हा उद्याही खपला नाही, तर फोडून टाकीन.”

शेजारचा रांजण हसला. “काय रे, गादी पोटात घालून बाजाराला आलास होय?”

“रांजणदादा, इतक्या माठांत मला कोण घेणार? निदान तडकायला तरी नको.”

“भट्टीत तडकलास का?”

“नाही.”

“मग टिचकीला काय भितोस?”



तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने जवळून जाणाऱ्या शेळीला हाक मारली आणि पोटातला सगळा पेंढा खाऊ दिला. मग पहिल्या बाईने टिचकी मारली. आवाज इतका खणखणीत आला की माठ स्वतःच दचकला. बाईने खात्रीसाठी पुन्हा मारली. या वेळी त्याने अंग चोरले नाही.

“हाच द्या,” ती म्हणाली.