अबोलीची दुसरी नळी

फार लांब नाही, पण नकाशात शोधायला गेलात तर सापडणार नाही, असं एक जंगल होतं. तिथे व्याघ्रसेन नावाचा म्हातारा वाघ राज्य करी. दर पाच वर्षांनी निवडणूक होई आणि दर पाच वर्षांनी महाराजच निवडून येत, कारण मतमोजणी त्यांच्या गुहेत होई आणि मोजायला गेलेले परत येत नसत. एकंदरीत लोकशाही सुरळीत चालली होती.

जंगलात खायला पुरेसं नव्हतं. पाणवठाही आटत चालला होता. पण जंगलाकडे अबोली होती.

अबोली म्हणजे शेकरू. तांबूस अंग, झुपकेदार शेपूट. ती जाळीचेंडू खेळायची. दोन झाडांमध्ये कोळ्यांनी विणलेली जाळी, अलीकडे एक खेळाडू, पलीकडे एक, आणि मध्ये सावरीच्या कापसाचा घट्ट वळलेला चेंडू. अबोली तो शेपटीने असा काही टोलवायची की नदीपलीकडच्या जंगलाची नावाजलेली वानरं नुसती बघत राहायची. सात जंगलांचं अजिंक्यपद तिने सलग तीनदा आणलं होतं. ती जिंकली की उपाशी पोरंसुद्धा ढेकर देतात, असं सरकारी बातमीपत्रात छापून येई.

आता ठकूमावशी. ठकूमावशी ही चिचुंद्री. डोळ्यांनी तिला जवळजवळ काही दिसत नसे, पण नाक असं की तीन दिवसांपूर्वी कोणत्या वाटेने कोण गेलं आणि जाताना काय खाऊन गेलं, ते बसल्या जागी सांगायची. म्हणून खेळाडूंचे नमुने तपासायचं सरकारी काम तिच्याकडे होतं. तिच्या स्वतःच्या अंगाला जो वास यायचा त्याबद्दल लोक मागून बोलत. पुढून बोलायला कोणी जवळ येत नसे.

ठकूमावशी अबोलीची पहिल्या दिवसापासूनची भक्त. तिने अबोलीला कधी धड पाहिलं नव्हतं, तरी एकही सामना चुकवला नव्हता. जाळीखाली बसून ती चेंडूचा आवाज ऐकायची आणि फटका कुणाचा ते अचूक ओळखायची. तिन्ही नातींची नावं तिने अबोलीच ठेवली होती, त्यामुळे एकीला हाक मारली की तिघी यायच्या.

चौथ्यांदा अजिंक्यपद जिंकून अबोली परतली तेव्हा नियमाप्रमाणे तिच्या लघवीचा नमुना बांबूच्या दोन नळ्यांत घेण्यात आला. पहिली नळी तपासायची. दुसरी लाखेने बंद करून ठेवायची. कोणी हरकत घेतली, तर सगळ्यांसमोर दुसरी फोडायची आणि ती सांगेल ते शेवटचं. ठकूमावशीने पहिली नळी उघडली आणि नाक लावलं.

वास धावमुळीचा होता. धावमुळी खाल्ली की अंग दमत नाही. ती खाऊन खेळायला सातही जंगलांत बंदी होती.

मावशीने तीनदा नाक धुतलं आणि तीनदा हुंगलं. तिला रडू आलं. मग ती दरबारात गेली आणि म्हणाली, "महाराज, वास हाय."

"कसला?" महाराजांनी विचारलं.

"धावमुळीचा. अबोलीच्या नळीत."

महाराजांनी डोळे मिटले. अवघड प्रसंगी ते ध्यान लावत. ध्यान संपल्यावर ते म्हणाले, "जनभावना काय म्हणते ते बघू."

जनभावना तोवर दरबाराबाहेर येऊन थांबली होती. तिच्या पुढे मुसंडीराव रानडुक्कर होते. मुसंडीराव म्हणजे अखिल जंगल अबोलीप्रेमी महासंघाचे संस्थापक अध्यक्ष. त्यांनी आयुष्यात एकही सामना पूर्ण पाहिला नव्हता, कारण जिंकल्यानंतरच्या मिरवणुकीची तयारी त्यांना आधीपासून करावी लागे. वारुळावर चढून त्यांनी भाषण सुरू केलं.

"बंधूंनो आणि भगिनींनो! मी फक्त तीन गोष्टी सांगणार आहे. एक, अबोलीने धावमुळी खाल्लेली नाही. दोन, तिला ती नदीपलीकडच्यांनी कपटाने चारली. तीन, धावमुळी खाणं ही आपली हजारो वर्षांची थोर परंपरा आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागून एका सशाने विचारलं, "अध्यक्षसाहेब, तिन्हींतलं नक्की कोणतं धरायचं?"

"तिन्ही धरायचं!" मुसंडीराव गरजले. "जंगलप्रेमात निवड करत नाहीत!"

सशाने तिन्ही धरलं.

"आणि हे हुंगलं कुणी?" मुसंडीराव पुढे म्हणाले. "जिला स्वतःच्या अंगाचा वास येत नाही, तिने!"

यावर लोक पोट धरून हसले. संध्याकाळपर्यंत जंगलभर घोषणा झाली: 'शेपूट एकच, अबोलीचं! बाकी सगळं पलीकडचं!' ठकूमावशीच्या बिळावर कोणीतरी शेण थापलं. तिन्ही अबोल्यांना शाळेत कोणी शेजारी बसू देईना. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे मावशीला माहीत होतं. पण बाब्या तिचाही होता, हे कुणाला सांगावं ते तिला कळेना.

तिने मान खाली घालून एवढंच म्हटलं, "माझं नाक खोटं असंल तर दुसरी नळी फोडा की."

ही मागणी इतकी रास्त होती की महासंघालाही नाही म्हणता येईना. दुसरी नळी पौर्णिमेला सर्वांसमक्ष फोडायचं ठरलं. तोवर ती सुरक्षित राहावी म्हणून महासंघाने ती ताब्यात घेतली. सुरक्षित राहावी म्हणून तिच्याभोवती मखर केलं. मखर केल्यावर दिवा लावणं आलं. दिवा लावल्यावर आरती झाली. तीन दिवसांनी नळीची पालखी निघाली आणि रस्त्यात गाभण हरिणी तिच्यासमोर ओटी घेऊन उभ्या राहिल्या.

पौर्णिमेला सारं जंगल जमलं. ठकूमावशी नाक धुऊन, अंघोळ करून आली. मुसंडीरावांनी मंत्रघोषात लाख फोडली. मावशी पुढे सरकली तोच ते ओरडले, "मावशी, रांगेत या. आधी तीर्थ घ्या, मग काय ते हुंगा!"

आणि जंगलाने तीर्थ घेतलं. पळीपळीने वाटलं. थोरांनी घेतलं, पोरांनी घेतलं, महाराजांना द्रोणातून गुहेत पोचतं केलं. कमी पडू लागलं तेव्हा पाणवठ्याचं पाणी मिसळलं. सोबत प्रसाद म्हणून धावमुळीचा एकेक तुकडा होता, कारण परंपरा. ठकूमावशीची पाळी आली तेव्हा नळीत फुंकर मारली तरी काही निघालं नसतं.

"आता हुंगा," मुसंडीराव म्हणाले.

"काय हुंगू? रिकामी हाय."

"ऐकलंत?" मुसंडीराव गर्दीकडे वळले. "स्वतःच्या तोंडाने कबूल केलं! नळीत काही नाही! अबोली निर्दोष!"

फटाके नव्हते, म्हणून माकडांनी फांद्या मोडल्या.

धावमुळीची गोडी मोठी वाईट. एकदा खाल्ली की दम लागत नाही, झोप येत नाही आणि आपण कुठे चाललो आहोत असा प्रश्नही पडत नाही. पुढच्या महिन्यात जंगल नुसतं पळत सुटलं. तीन वर्षं न हललेला अजगर रोज सकाळी टेकडीला फेऱ्या मारू लागला. भरधाव गेल्याबद्दल एका गोगलगायीला दंड झाला. धान्याच्या कोठारात धावमुळी साठवायची ठरली, म्हणून धान्य बाहेर काढलं. ते कुठे गेलं हे विचारायला कुणी थांबत नव्हतं. पोट सुटलेल्या मुसंडीरावांना मात्र आता वारुळावर चढायला चार जणांचा आधार लागे.

मग निवडणूक आली. महाराजांनी जनभावना ओळखली आणि मुसंडीरावांना प्रधान करून टाकलं. प्रधानांचा पहिलाच हुकूम निघाला: ज्याच्या नमुन्यात धावमुळी सापडणार नाही, तो अबोलीचा, म्हणजेच जंगलाचा शत्रू समजला जाईल.

आता शत्रू शोधायचा तर हुंगणार कोण? जंगलात नाक एकच. ज्या नाकाला महिन्यापूर्वी कापायला निघाले होते, त्यालाच 'राजनाक' ही पदवी मिळाली. बिळावरचं शेण खरवडून तिथे तोरण बांधलं. ठकूमावशी रोज शेकडो नळ्या हुंगायची आणि म्हणायची, "वास हाय. वास हाय. वास हाय." लोक आनंदाने पळत घरी जायचे. ती एकदाही खोटं बोलली नाही, पण संध्याकाळी तिला जेवण जाईना. स्वतः तिने धावमुळीला तोंड लावलं नव्हतं. पण राजनाकाचा नमुना हुंगायला दुसरं नाक नसल्याने ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

या सगळ्यात एकच प्राणी कुणाला आठवला नव्हता, तो म्हणजे अबोली. ती पहिल्याच दिवशी गुपचूप दूरच्या डोंगरावर आत्याकडे गेली होती. इकडची हकिगत कानावर गेली तशी ती खाली उतरली, भर सभेत वारुळावर चढली आणि म्हणाली:

"मी अबोली. मी धावमुळी खाल्ली होती. माझी कंबर धरली होती, अंतिम सामना होता आणि मला हरायची भीती वाटली. माझं चुकलं. दोन पावसाळ्यांची बंदी मला मान्य आहे. तेवढी भरून मी पुन्हा खेळेन. तुम्ही ती मुळी खाऊ नका, पाया पडते."

मग एक म्हातारी साळिंदर किंचाळली, "अबोलीबद्दल असं बोलायची हिंमत कशी होते हिची?"

अबोलीचा अपमान केल्याबद्दल अबोलीला जागेवरच अटक झाली.

"ही खरी अबोली नव्हेच," मुसंडीरावांनी जाहीर केलं. "पलीकडच्यांनी पाठवलेलं सोंग आहे. राजनाकाकडून तपासणी करा. खऱ्या अबोलीच्या अंगी धावमुळी असणारच!"

दुपारी ठकूमावशी नळी घेऊन कोठडीपाशी गेली. ज्या अबोलीच्या नावाने तिने तीन नाती हाका मारून वाढवल्या, ती आज हाताच्या अंतरावर होती. मावशीला रागही आला आणि मायाही आली, दोन्ही एकदम.

"का खाल्लीस गं पोरी?"

"सांगितलं ना मावशी. भ्याले. तुम्ही पहिली नळी हुंगून खरं सांगितलंत, तेव्हा तुमचा फार राग आला होता. आठ दिवस शिव्या घातल्या तुम्हाला. नवव्या दिवशी मात्र गाढ झोप लागली. कितीतरी महिन्यांनी."

मावशीने नळीला नाक लावलं. मुळीचा मागमूस नव्हता. पोरीने डोंगरावर नुसता पाला आणि फळं खाल्ली होती.

"ऐक," मावशी हळूच म्हणाली. "मी बाहेर जाऊन 'वास हाय' म्हटलं की तुला सोडतील. मखरात बसवतील. आयुष्यात खोटं बोलले न्हाई, पण तुझ्यापायी बोलंन."

"मखरात बसल्यावर मला खेळू देतील?"

मावशीने विचार केला. "न्हाई बाई. मखरातल्याला कोण खेळू देतं? चुकून हरलीस तर त्यांनी काय करायचं?"

"मग आहे तेच सांगा," अबोली म्हणाली. "एकदा सांगितलंत, आता दुसऱ्यांदा सांगा."

ठकूमावशी बाहेर आली. समोर सगळं जंगल जागच्या जागी पळत उभं होतं. थांबायची सवय मोडली होती.

"वास न्हाई," ती म्हणाली. "पोरगी निर्मळ हाय. आणि आवाजावरून सांगते, खरी अबोली हीच."

गर्दीने पहिलं वाक्य ऐकलं आणि जल्लोष केला. पुढचं सगळं जल्लोषात बुडालं. मुसंडीरावांनी निकाल वाचला: नमुन्यात धावमुळी नाही, म्हणजे ही अबोली नाही, सबब तोतयेगिरीबद्दल हद्दपार.

"मग माझाबी नमुना घ्या," ठकूमावशी म्हणाली.

दरबारात कुजबुज झाली. महाराजांनी ध्यान लावायला घेतलं. "पण हुंगणार कोण?" कारकून कोल्ह्याने विचारलं.

"मीच हुंगते की. राजनाक हाय ना मी?" तिने स्वतःची नळी स्वतःच्या नाकाला लावली आणि मोठ्याने म्हणाली, "वास न्हाई!"

राजनाकाच्या साक्षीवर शंका घेणं हा राजद्रोह होता. त्यामुळे आरोपीचीच साक्ष ग्राह्य धरून आरोपीला दोषी ठरवण्यात आलं. न्याय इतक्या झटपट झाल्याबद्दल बातमीपत्राने विशेष पुरवणी काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी एक शेकरू, एक चिचुंद्री आणि तीन छोट्या चिचुंद्र्या नदी ओलांडून निघून गेल्या. घोषणा देणाऱ्यांना त्यांच्याकडे बघायला वेळ नव्हता, कारण त्या दिवशी अबोलीच्या वाढदिवसाची मिरवणूक होती.

आज त्या जंगलात अबोलीच्या नावाने सात रस्ते आहेत, एक खातं आहे आणि दोन पक्ष आहेत. खरी अबोली आमचीच, असं दोन्ही पक्ष म्हणतात. जाळी फाटली, तिचे धागे प्रधानांच्या हारतुऱ्यांना वापरले. चेंडू कुणीतरी मखरात ठेवला, तोही सापडत नाही. खेळ बंद पडून तीन वर्षं झाली. चाहत्यांची नोंदणी मात्र अजून चालू आहे.